पुणे ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर किती, तास किती, आणि आई-बाबांचा प्रवास प्रत्यक्षात किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला राहणारे आई-बाबा, वय ६८ आणि ७३, पहिल्यांदाच अमेरिकेला लेकीकडे निघालेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळ. मुलगा तिकीट बघतोय. त्याला अंतर एका ठिकाणी साडेतेरा हजार किलोमीटर दिसलं, दुसऱ्या ठिकाणी पंधरा हजारांच्या वर. वेळ कुठे १६ तास, कुठे २२, कुठे ३१. तिकिटावरच्या सुटायच्या आणि पोचायच्या वेळांची वजाबाकी केली तर भलतंच काहीतरी येतं. बाबांना मधुमेह आहे, आईचे गुडघे दुखतात. मग नक्की अंतर किती आणि विमानाला किती तास लागतात?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. पुण्यापासून सॅन फ्रान्सिस्कोचं सरळ हवाई अंतर साधारण १३,५०० किलोमीटर. दिल्लीला एक थांबा घेऊन गेलं तर दोन्ही विमानांत मिळून अठरा-एकोणीस तास. आणि कोथरूडच्या दाराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या घरी पोचेपर्यंत २६ ते ३२ तास. तुम्हाला दिसलेले आकडे खोटे नाहीत, फक्त प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय. पुण्यात बसून लोकांची परदेशाची तिकिटं काढून देणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे आणि माझं स्पष्ट मत असं की ज्येष्ठांच्या प्रवासाचं सुखदुःख किलोमीटरवर ठरत नाही, थांबा कुठे आणि किती वेळाचा यावर ठरतं. पण अंतराचा गुंता आधी सोडवू या, कारण त्याच गुंत्यात अडकून माणसं नको ते तिकीट घेतात.

माझ्या टेबलावर एक पृथ्वीगोल असतो आणि ड्रॉवरमध्ये जाड दोऱ्याचा तुकडा. कुणी अंतर विचारलं की दोरा त्यांच्याच हातात देतो. छोट्या गोलावर पुणे छापलेलं नसतं, म्हणून मुंबईच्या किंचित खाली उजवीकडे एक टोक धरायचं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. बहुतेक जण सवयीने दोरा अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक असा आडवा धरतात. मग ताण द्यायला सांगतो. ताण दिला की दोरा बोटांखालून सरकायला लागतो आणि वर वर चढतो. शेवटी स्थिरावतो तेव्हा तो दिल्लीवरून, हिमालय ओलांडून, तिबेटच्या पश्चिम भागातून, सैबेरियावरून, थेट उत्तरेच्या बर्फाळ समुद्रावरून, अलास्का तिरका ओलांडून, कॅनडाच्या पश्चिम कडेने उतरत कॅलिफोर्नियात येतो. सगळ्यात वरचा बिंदू ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पुढे जातो. हाच मार्ग भिंतीवरच्या सपाट नकाशावर काढला तर केवढा तरी वळसा वाटेल, कारण शाळेतले बहुतेक जगाचे नकाशे ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतात. त्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. म्हणून अंतराच्या बाबतीत सपाट नकाशावर कधीच विसंबू नये.

या दोऱ्यातून एक कामाची गोष्ट कळते. पुणे ते दिल्ली साधारण १,१६० किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८०. बेरीज करा: १३,५४०. म्हणजे दिल्ली जवळजवळ बरोबर त्या दोऱ्यावरच आहे. "आधी दिल्लीला कशाला, उलटं नाही का होत?" असं मला कितीतरी जण विचारतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जायचं असेल तर दिल्ली वाटेवरच आहे. दुबईमार्गे गेलात तर पुणे-दुबई २,०५० आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,०४० मिळून १५,००० च्या पुढे जातं. तुम्हाला दिसलेला दुसरा आकडा बहुधा असल्याच एखाद्या मार्गाचा असणार.

न्यूयॉर्कचं गणित मात्र वेगळं आहे आणि लोक दोन्ही एकत्र करतात. पुणे-न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,६३० किलोमीटर. तो दोरा वायव्येला जातो: राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, मॉस्कोच्या आसपासून स्कँडिनेव्हिया, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक. दुबईमार्गे न्यूयॉर्क म्हणजे २,०५० अधिक ११,०२०, एकूण १३,०७० च्या घरात. सरळ मार्गापेक्षा फक्त साडेचारशे किलोमीटर जास्त. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे गेलात तर जेमतेम सव्वादोनशे. म्हणजे पूर्व किनाऱ्याला जाणाऱ्यांना आखात काय, युरोप काय, फारसा वळसा पडतच नाही. पश्चिम किनाऱ्याला आखाताचा वळसा दीड हजार किलोमीटरचा. मामाच्या मुलाने न्यू जर्सीला जाताना जो मार्ग घेतला तोच तुमच्या आई-बाबांना सोयीचा असेल असं धरून चालू नका.

आता, विमान दोऱ्यावरून जात नाही. जवळपास कधीच नाही.

पहिलं कारण तिबेट. तिथलं पठारच चार-पाच हजार मीटर उंच. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीने तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांच्या आतबाहेरच पुरतो. खाली जमीनच पाच हजार मीटरवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून विमान कंपन्या तो भाग शक्यतो टाळतात.

दुसरं कारण राजकारण. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. २४ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं मग गुजरात, अरबी समुद्र असा वळसा घालून जातात. तास-दीड तास वाढतो, आणि काही लांबच्या विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात.

तिसरं कारण वारा, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या आणि ध्रुवाच्या मधल्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड प्रवाह वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात तीनशेच्या वरही जातो. मोठं विमान शांत हवेत ताशी ९०० च्या आसपास उडतं. समोरून दीडशेचा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने ७५०, पाठीमागून असेल तर १,०५०. दहा-बारा तास हेच चाललं तर केवढा फरक पडेल, बघा. म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात आणि येताना चौदा-साडेचौदा तासही पुरतात.

याचं मला फार आवडणारं उदाहरण आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. मार्ग झाला सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर, कारण पूर्वेला जाताना वारा सतत पाठीशी होता. त्या वेळी पुष्कळांनी सांगितलं की पृथ्वी फिरते त्याचा फायदा मिळतो. तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं; पृथ्वी काही विमानाच्या खालून निसटून पुढे जात नाही. तसं असतं तर पुण्याहून नुसतं वर उडून थांबलं असतं तरी तासाभरात अरबी समुद्र पायाखाली आला असता. फायदा वाऱ्याचा. म्हणून तिकिटं तोलताना "कमी किलोमीटर म्हणजे लवकर" हा हिशोब डोक्यातून काढा.

मग अंदाज कसा करायचा? मी वापरतो ती रीत सांगतो. सरळ अंतराला ९०० ने भागा, चढण्या-उतरण्याचा आणि जमिनीवर रांगण्याचा अर्धा-पाऊण तास मिळवा. लांबचं विमान पश्चिमेला जात असेल तर आणखी तास ते दीड तास धरा, पूर्वेला येत असेल तर फार तर अर्धा तास कमी करा. दुबई-न्यूयॉर्क: ११,०२० भागिले ९०० म्हणजे सव्वाबारा, अधिक अर्धा, अधिक सव्वा, चौदा तास. वेळापत्रकही जवळपास तेच सांगतं. एक लक्षात ठेवा, वेळापत्रकातले तास हे विमान गेटवरून मागे सरकल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचे असतात. त्यात धावपट्टीसमोरची रांगही आली. म्हणून कॅप्टन "आपला उड्डाणाचा कालावधी पंधरा तास" म्हणतो आणि तिकिटावर पंधरा-चाळीस असतं, दोघंही बरोबर.

तिकिटावरची वजाबाकी चुकते ती अमेरिकेच्या घड्याळामुळे. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. आपण वर्षभर एकाच वेळेवर चालतो, अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. समजा दिल्लीहून विमान पहाटे ४:०० ला सुटतं आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेला सकाळी ६:३० ला उतरतं. अडीच तास? नाही. जानेवारीत दिल्लीचे पहाटेचे चार म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे दुपारचे अडीच. अडीचपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा, सोळा तास. येताना उलट: शनिवारी रात्री ९ ला निघालात की सोमवारी पहाटे दोनला दिल्ली. रविवार विमानातच जातो. घरच्यांना सोपं म्हणून हे सांगून ठेवा: सॅन फ्रान्सिस्कोची वेळ काढायची तर सकाळचं रात्र करा आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अर्धा तास कमी करा. आपल्याकडे सकाळचे दहा तर तिथे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ. न्यूयॉर्कसाठी रात्र करून हिवाळ्यात दीड, उन्हाळ्यात अडीच तास वाढवायचे.

तुमच्या प्रश्नात नाही, पण पुढचा प्रश्न हाच असतो: पुण्याहून सरळ अमेरिकेला विमान का नाही? लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. नागरी विमानं तिथे पाहुणी. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये धावपट्टीच्या कामासाठी दोन आठवडे सगळी नागरी वाहतूक बंद होती, ते अनेकांना आठवत असेल. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन, दिल्लीची सगळ्यात लांब चार किलोमीटरच्या वर. सोळा तास उडायचं विमान शंभर टनांहून जास्त इंधन पोटात घेऊन उठतं, त्याला पळायला जागा लागते. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, हवा विरळ; एप्रिल-मेच्या दुपारी आणखी विरळ. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं तेव्हा विमान छोटं, बिझनेस क्लासच्या खुर्च्यांचं होतं, त्यामागे हेच गणित. २०२४ मध्ये नवं टर्मिनल आलं, बसायला जागा झाली, पण धावपट्टी तीच. म्हणून एक थांबा तुम्हाला घ्यावाच लागणार. प्रश्न एवढाच की तो कुठे घ्यायचा.

दिल्लीचा थांबा. दोऱ्यावर आहे, भाषा समजते, एकाच तिकिटावर असेल तर बॅगा सहसा पुण्यातून थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टॅग होतात, आणि त्यापुढे सरळ लेकीच्या गावातच उतरायचं. वाईट बाजू म्हणजे पुढचं विमान सोळा तासांचं, आईच्या गुडघ्यांना ते सलग बसणं जड जाईल. दुसरी वाईट बाजू दिल्लीचं धुकं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत पहाटेची विमानं तिथे उशिरा होतात आणि त्यांचा राग पुण्यातून सुटणाऱ्या विमानावर निघतो. लोहगावला विमान तयार, प्रवासी बसलेले, पण दिल्ली उतरू देत नाही म्हणून थांबलंय, हे दर हिवाळ्यात होतं. त्या दिवसांत दिल्लीत पाच-सहा तासांचा थांबा घ्या. एरवी साडेतीन-चार पुरतात. दोन तासांचं कनेक्शन संगणक आनंदाने दाखवतो. ज्येष्ठांसाठी मी ते काढून देत नाही.

मुंबईचा मार्ग. इथे पहिलं विमान नाही, टॅक्सी आहे. कोथरूड ते सहारचं टर्मिनल २ म्हणजे दीडशे किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर साडेतीन-चार तास. पण पावसाळ्यात घाटात दरड किंवा अपघात झाला, किंवा रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे परतणारी गर्दी लागली, तर सहा तासही जातात. हवेतल्या सोळा तासांचा अंदाज मी अर्ध्या तासाच्या फरकाने देतो, घाटाचा नाही देऊ शकत. आंतरराष्ट्रीय विमानाच्या वेळेच्या आठ तास आधी घर सोडा, आणि वाटेत खालापूरच्या फूड मॉलला थांबा तो वीस मिनिटांचा. शिवाय मुंबई म्हणजे आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तो पुणेकरांना जवळचा, पण तिकिटावर बीओएम (सहार) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई) ते वाचल्याशिवाय टॅक्सी सांगू नका.

इथेच ती तारखेची गोष्ट सांगतो, कारण किलोमीटर आणि तासांच्या सगळ्या घोळांपेक्षा तिने जास्त नुकसान होतं. अमेरिकेची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१४ तारीख, ००:४०" असं असतं. घरात कॅलेंडरवर १४ ला गोल केला जातो, १४ ला दुपारी नातेवाईक निरोपाला येतात, पोळी-भाजीचा डबा भरतो, आणि संध्याकाळी मुंबईला पोचल्यावर कळतं की विमान आदल्या रात्रीच गेलं. शिकलेल्या, सावध घरांतही हे होतं. ००:४० म्हणजे १३ तारीख संपून चाळीस मिनिटं झालेली. कोथरूडहून निघायचं ते १३ ला दुपारी चारच्या सुमारास. माझ्याकडून तिकीट गेलं की वर हाताने लिहिलेलं असतं: "घर सोडायचं: १३ तारीख, वार अमुक, दुपारी ४." तुम्हीही आई-बाबांच्या तिकिटावर असंच लिहा. विमानाची वेळ त्यांना पाठ नसली तरी चालेल, घर सोडायची वेळ पाठ हवी.

आखाताचा थांबा. पुण्याहून दुबईला तीन-सव्वातीन तासांत पोचता येतं, घाट टळतो, हे खरं. पण पुण्याहून जाणारं विमान एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं असेल, तर ती दोन्ही एकाच पीएनआरवर आहेत का हे आधी बघा. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा झाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, बॅगा तिथे उतरवून परत द्याव्या लागतात आणि त्यासाठी बाहेर पडायचं तर व्हिसाचा प्रश्न येतो. पाच-दहा हजार वाचवायला ज्येष्ठांना या फेऱ्यात कुणी टाकू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. मुंबईहून अबुधाबीमार्गे गेलात तर एक सोय आहे: अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबुधाबीतच होते आणि अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं थेट बाहेर पडता येतं.

युरोपच्या थांब्यात सोळा तासांचा सलग पट्टा तुटतो, नऊ अधिक अकरा असे दोन तुकडे होतात. गुडघ्यांना ते बरं. पण विमानतळ प्रचंड, एका गेटपासून दुसऱ्यापर्यंत ट्रेनने जावं लागतं, आणि भाषा परकी. पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा असेल तर सहसा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, तरी पैसे भरण्याआधी त्या देशाचा नियम तपासा. सिंगापूर किंवा टोकियोमार्गे पश्चिम किनाऱ्याला जाता येतं आणि जाताना वाराही पाठीशी असतो, पण पुण्याहून आधी दक्षिणेला किंवा पूर्वेला बराच प्रवास करावा लागतो. एकूण तास वाढतात.

एक मार्ग मात्र मी पहिल्यांदा जाणाऱ्या आई-बाबांना कधीच सुचवत नाही: न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरून दुसऱ्या विमानाने सॅन फ्रान्सिस्को. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे पाय ठेवाल तिथेच इमिग्रेशन होतं. तिथेच पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर काढायच्या, पुन्हा द्यायच्या, पुन्हा सुरक्षा तपासणी, कधी टर्मिनल बदलायचं. तिथल्या रांगेला दीड-दोन तास लागणं नवं नाही. हे सगळं पंधरा तासांच्या प्रवासानंतर, झोपेच्या वेळी, तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा ओढत. कागदावर हा मार्ग आणि दिल्लीचा मार्ग एकाच लांबीचे दिसतील. ७३ वर्षांच्या माणसाला ते एकसारखे नाहीत.

तेव्हा तुमच्या घरासाठी माझं उत्तर: पुणे-दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को, एका पीएनआरवर, दिल्लीत चार तासांचा थांबा, धुक्याच्या दिवसांत सहा. लोहगावला विमानाच्या अडीच तास आधी पोचायचं, कोथरूडहून तिथवर गर्दीत तासाच्या वर लागतो. सगळं धरून सत्तावीस-अठ्ठावीस तास. दिल्लीचं विमान त्या तारखांना मिळालं नाही किंवा वाटेत इंधनासाठी उतरणार असेल, तर मुंबईहून युरोपमार्गे, तीन तासांच्या वरचा थांबा बघून. तो प्रवास बत्तीस तासांपर्यंत जाईल.

दोघांसाठीही व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागा, निदान ४८ तास आधी नोंद झालेली हवी. आईला संकोच वाटेल, "मी काही आजारी नाही" म्हणतील. त्यांना सांगा, व्हीलचेअर चालता येत नाही म्हणून नाही, दिल्लीत आणि सॅन फ्रान्सिस्कोत रांगेत तासभर उभं राहावं लागू नये म्हणून. बरोबरचा माणूस योग्य गेटपर्यंत नेतो, फॉर्मला मदत करतो. पहिल्या प्रवासात हे फार मोलाचं आहे. खुर्ची आइलची घ्या, दर दोन तासांनी उठून विमानाच्या मागच्या पॅन्ट्रीपर्यंत जाऊन यायचं.

बाबांच्या औषधांचं डॉक्टरांशी निघायच्या आठवडाभर आधी बोला. साडेबारा ते साडेतेरा तासांनी घड्याळ उलटं होतं, विमानात जेवण कंपनीच्या वेळेला येतं, तेव्हा कुठली गोळी कुठल्या जेवणाआधी घ्यायची हे डॉक्टरांनीच कागदावर लिहून द्यायला हवं, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसकट. इन्सुलिन असेल तर ते हातातल्या पिशवीत. खाली सामानात गेलं तर थंडीने गोठून निकामी होऊ शकतं. डायबेटिक जेवण आधी नोंदवा, तरी शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, असलं काहीतरी हाताशी असू द्या.

आणि हातातल्या पिशवीत तीन दिवसांची जास्तीची औषधं ठेवा. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादानला उतरवावं लागलं. दोन इंजिनांचं विमान ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवूनच उडतं, त्यामुळे ते सुखरूप उतरलं. पण २१६ प्रवाशांना दुसरं विमान येईपर्यंत दिवसभराहून जास्त तिथेच राहावं लागलं. अशी वेळ क्वचित येते, पण आली तर गोळ्या खालच्या सामानात असून उपयोग नाही.

तारखा नक्की झाल्या की येणं-जाणं दोन्हीचं तिकीट एकत्र बघा, आणि परतीचं निवडताना दिल्लीला पहाटे उतरून लगेच सकाळचं पुण्याचं विमान असेल ते घ्या.